उठता येईल अशी आरामखुर्ची : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

वही आजपासून सुरू. खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक देखणी, ऐसपैस आरामखुर्ची करायची आहे. सोबत पाय ठेवायला स्टूल आणि वाचायला दिवा. दोन-दोन तास निवांत बसून राहावं असा कोपरा हवा.

खुर्ची आईसाठी. गेल्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती जेवणाच्या टेबलाजवळच्या सरळ खुर्चीतच वाचत बसते, सोफ्याकडे फिरकत नाही. का, ते मी तिला कधी नीट विचारलं नव्हतं.

माझ्या मनात कित्येक वर्षं एकच खुर्ची ठाण मांडून आहे : फिनिश वास्तुकार आल्वार आल्टोची पाइमिओ. फिनलंडमधल्या पाइमिओ गावच्या क्षयरोग रुग्णालयाच्या कामात, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, ती तयार झाली. बर्चच्या वाकवलेल्या पट्ट्यांचे दोन बंद वेढे आणि त्यांच्या मधोमध टांगल्यासारखी एकसंध पातळ प्लायवुडची बैठक-पाठ, दोन्ही टोकांना गुंडाळीसारखी वळलेली. पाठीचा कोन रुग्णाला श्वास घ्यायला सोपं जावं असा ठेवलेला. त्या काळी नव्या विचारांचे रचनाकार पोलादी नळ्यांच्या मागे होते. मार्सेल ब्रॉयरने सायकलच्या हँडलवरून स्फूर्ती घेऊन केलेली नळ्यांची खुर्ची १९२५ची. आल्टोने मात्र लाकूडच धरलं, कारण पोलाद अंगाला गार लागतं. आजारी माणसाच्या हाताला काय वाटेल इथून ज्या खुर्चीची सुरुवात झाली, ती मला कायम आपली वाटत आली आहे.

तर तशीच काहीशी करायची. बुटकी, मागे रेललेली, बाजूने पाहिलं की एकाच रेषेत काढल्यासारखी.

९ जानेवारी

चित्र आईला दाखवलं. तिने चष्मा लावून, कागद लांब धरून पाहिलं.

"सुंदर आहे गं. बसेन मी हिच्यात. पण उठू कशी?"

मग सोफ्याचं कारणही कळलं. "तुम्ही कुणी घरात नसलात की मी सोफ्यावर बसतच नाही. एकदा बसले होते, तर फोन वाजत राहिला आणि मला उठता येईना."

चित्र बाजूला ठेवलं. नुसतं बाजूला ठेवलं आहे, टाकलेलं नाही.

१५ जानेवारी

आज एका मोठ्या फर्निचरच्या दालनात जाऊन नामांकित खुर्च्यांवर एकेक करून बसले. बसायचे तर सगळेच बसून पाहतात. मी उठायच्या नोंदी घेतल्या.

बार्सिलोना : मीस फान देर रोह आणि लिली राइश यांनी १९२९ सालच्या बार्सिलोनाच्या जागतिक प्रदर्शनातल्या जर्मन दालनासाठी केलेली. स्पेनचे राजा-राणी उद्घाटनाला येणार म्हणून. पोलादी पट्ट्यांच्या फुलीवर चौकोन-चौकोन शिवलेल्या चामड्याच्या दोन गाद्या. इतकी शानदार चीज की शेजारची खुर्ची केविलवाणी दिसायला लागते. पण तिला हातच नाहीत, आणि बैठक खोल. उठताना मला दोन्ही हात मांड्यांवर टेकावे लागले. आईला जमणार नाही.

ईम्स लाउंज : चार्ल्स आणि रे ईम्स, १९५६. वाकवलेल्या प्लायवुडची तीन कवचं, आत चामड्याच्या गाद्या, सोबत पायांसाठी स्टूल. आज बसलेल्या सगळ्या खुर्च्यांत अंग सर्वांत सैल पडलं ते हिच्यात. बैठक कायमची मागे कललेली असल्यामुळे माणूस पुढे घसरत नाही. उठायचं मात्र त्याच उताराविरुद्ध. शिवाय खुर्ची गोल फिरते, म्हणजे जोर लावताना ती आपल्याखालून वळू शकते.

एग : आर्ने याकोबसेन, १९५८, कोपनहेगनच्या एसएएस रॉयल हॉटेलसाठी. दोन्ही बाजूंचे उंच पंख कानांपर्यंत येतात. हॉटेलच्या गजबजलेल्या दालनात एका माणसापुरती खोली उभी करायची, हीच तिची कल्पना. आत बसल्यावर विक्रेत्याचा आवाज खरोखरच लांब गेल्यासारखा वाटला.

ल कॉर्ब्युझिए, प्येर जानरे आणि शार्लोट पेरियां यांची १९२८ची लांबट आरामखुर्ची : हिच्यात बसायचं नसतं, पहुडायचं असतं. वरची वाकलेली चौकट खालच्या आधारावर हवी तशी सरकवायची की कोन बदलतो. पाय डोक्याहून वर जाऊ शकतात. पाठ टेकली आणि पाच मिनिटांत डोळे मिटायला लागले. आईसाठी विचारच नको.

सगळ्यात जास्त वेळ बोर्गे मोगेन्सेनच्या स्पॅनिश खुर्चीपाशी रमले. हीसुद्धा १९५८ची. ओकचा दणकट सांगाडा आणि त्यावर जाड चामडं पट्टे-बकलांनी ताणलेलं. चामडं कालांतराने सैल पडलं की बकल एक घर पुढे घ्यायचं. तिचे लाकडी हात चांगले फळीसारखे रुंद. त्यांवर तळहात पूर्ण टेकतो. बुटकी असूनही तिच्यातून उठायला बार्सिलोनापेक्षा निम्मे कष्ट पडले. हे लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली आहे.

२० जानेवारी

चित्र काढण्याआधी सांगाडा करायचं ठरवलं. सुतारकाकांकडे गेले. त्यांनी जुन्या प्लायवुडच्या दोन फळ्या बिजागरीने जोडून दिल्या. एक बैठक, एक पाठ. दोन्ही बाजूंच्या पाट्यांना दोन-दोन सेंटिमीटरवर भोकं. बोल्ट काढून दुसऱ्या भोकात घातला की उंची आणि कोन बदलतो. दिसायला ओबडधोबड, पण या कामातलं सर्वांत मोलाचं साधन हेच ठरेल असं वाटतं.

"ताई, आधी खुर्ची ठरवायची आणि मग माणूस बसवायचा, असं नाही ना करत तुम्ही, मग ठीक आहे," काका म्हणाले.

२२ ते ३१ जानेवारी

रोज संध्याकाळी तास-दीड तास आई सांगाड्यावर वाचत बसते आणि मी नोंदी घेते. पातळ सतरंजीखेरीज वर काही नाही, म्हणजे मापं खरी मिळतात.

पहिला दिवस : पुढची उंची ३८ सेंमी, बैठकीला १५ अंश उतार, बैठक आणि पाठ यांच्यातला कोन ११०. माझ्या लाडक्या चित्राची हीच मापं होती. दहा मिनिटं खूश होती. मग मान दुखायला लागली. उठायला माझे दोन्ही हात लागले.

दुसरा दिवस : ४६, उतार ५, कोन १००. एकटी उठली. "पण ही तर टेबलाजवळचीच खुर्ची झाली," असं तिचं म्हणणं. बरोबर आहे. पाठीला कलच नाही.

या दोन टोकांमध्येच काहीतरी आहे. एका वेळी एकच माप बदलायचं असं ठरवलं आहे, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

पाचव्या दिवशी मी फोनवर तिच्या उठण्याचं चित्रण केलं आणि नंतर संथ गतीने पाहिलं. आतापर्यंत मी बैठकीची उंचीच काय ती बघत होते. प्रत्यक्षात उठण्याच्या आधीचे दोन सेकंद महत्त्वाचे. ती आधी पुढे सरकते. मग दोन्ही टाचा मागे घेते, गुडघ्याच्या मागे, जवळजवळ बैठकीच्या खाली. मग हात खुर्चीच्या हातांच्या अगदी पुढच्या टोकाला जातात. मग डोकं पुढे, पायाच्या बोटांवर येईल इतकं. आणि मग ती उठते. यातली एक गोष्ट जरी अडली तरी सगळं अडतं. सोफ्याला पुढून खालपर्यंत कापडी झालर आहे, त्यामुळे टाचा मागे जातच नाहीत. एवढ्या महिन्यांत मला हे दिसलं नव्हतं.

म्हणून तीन गोष्टी पक्क्या. बैठकीखाली पुढून काहीही आडवं नको, निदान १५ सेंमी मोकळी जागा. हात बैठकीच्या पुढच्या कडेच्या ४ सेंमी पुढे यायला हवेत. आणि त्या टोकाशी तळहात मावेल इतकी, म्हणजे ९ सेंमी रुंदी हवी.

सातव्या दिवशी आणखी एक. मी समजत होते की आरामात बसलेला माणूस हलत नाही. आई दीड तासात अकरा वेळा हलली. कधी डाव्या कुशीवर कलून, कधी घोट्यावर घोटा टाकून, कधी कोपर बाहेर आणि पुस्तक मांडीवर. एरो सारिनेनने १९४८ साली फ्लॉरेन्स नोलसाठी जी 'वूम्ब' खुर्ची केली तिचं मर्मच हे होतं. फ्लॉरेन्सला अंग दुमडून, कसंही बसता येईल अशी खुर्ची हवी होती. माणसं एकाच ढबीत बसत नाहीत हे त्याने धरूनच चाललं होतं. मी मात्र एकच उत्तम कोन शोधायला निघाले होते. दोन हातांमधलं अंतर ५० वरून ५६ सेंमी केलं. डाव्या बाजूला उशी घालून कलायला जागा झाली.

बैठकीची खोली ५२ ठेवली होती. आईच्या मांडीची लांबी त्याहून बरीच कमी, त्यामुळे एक तर पाठ टेकायची नाही, नाहीतर गुडघ्यामागे कड रुतायची. ४३ केली. या एका बदलाने ती पहिल्यांदा "हं" असं समाधानाने म्हणाली.

शेवटी ठरलेली मापं : बसल्यावरची पुढची उंची ४४, उतार ८ अंश, कोन १०६. जमिनीपासून पाठीचा कल ११४ अंश. हात बैठकीपासून २३ सेंमी वर.

'बसल्यावरची' हा शब्द विसरायचा नाही. गादी दबते.

२ फेब्रुवारी

माझी बुटकी खुर्ची गेली. ६ सेंमी उंची वाढली की बाजूची रेषा सगळी बदलते. आज दिवसभर नुसती रेखाटनं केली. जे निघतं ते पायांवर उभ्या असलेल्या पेटीसारखं दिसतं. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

६ फेब्रुवारी

सापडलं. खुर्ची उंच झाली तरी डोळ्याला ती बुटकी वाटू शकते. पाठ जरा कमी उंच ठेवायची, डोक्याची उशी वेगळी करायची आणि हातांची रेषा पुढून मागे उतरती घ्यायची. पुढचा पाय, हात आणि मागचा पाय मिळून एकच सलग वेढा. दोन वेढे, मध्ये बैठक. आल्टोचं ऋण आहेच, पण ही खुर्ची त्याची नक्कल नाही. हिचा हात पुढच्या टोकाला रुंद होतो, कारण तिथे आईचा तळहात येतो. सगळ्या खुर्चीची रेषा तिथून सुरू होते.

११ फेब्रुवारी

सांगाड्याला पुठ्ठ्याचे वेढे लावून पाहिले, मग प्लायवुडचे. आईने हातांच्या टोकांवर जोर दिला आणि मागचे पाय जमिनीवरून बोटभर उचलले गेले! मी शेजारीच होते म्हणून बरं. जोर पुढच्या पायाच्याही पुढे पडत होता. पुढचा पाय चित्रात मागे झुकलेला होता, दिसायला डौलदार म्हणून. तो सरळ करून ५ सेंमी पुढे आणला. आता हाताचं टोक पायाच्या तळाच्या मागे राहतं. मी स्वतः पूर्ण वजन टाकून पाहिलं, हलत नाही.

१७ फेब्रुवारी

लाकूड आलं. अ‍ॅश. याच्या शिरा लांब आणि सरळ जातात, त्यामुळे ते वाकायला राजी असतं.

वाकवायचे दोन रस्ते. एक वाफेचा. मिखाएल थोनेटने तो असा काही साधला की १८५९च्या त्याच्या १४ क्रमांकाच्या खुर्चीला फक्त सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट लागायचे, आणि सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. दुसरा रस्ता पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून साच्यावर आवळायचा. माझ्याकडे वाफेची पेटी नाही, आणि दोन वेढे हुबेहूब सारखे हवेत. म्हणून पट्ट्या.

काकांच्या यंत्रावर अडीच मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या. दहा पट्ट्यांचा मिळून २५ मिमी जाडीचा एक वेढा. सर्वांत घट्ट वळण १२० मिमी त्रिज्येचं. एक सुटी पट्टी हाताने वाकवून पाहिली. कुरकुरली, पण तुटली नाही. प्रत्येक पट्टीवर क्रमांक टाकला, म्हणजे ज्या फळीतून निघाल्या त्याच क्रमाने पुन्हा बसतील आणि कडेने पाहिलं तर एकच लाकूड वाटेल.

२३ फेब्रुवारी

पहिला वेढा साच्यावर. साच्याला मेण चोळून घेतलं, वर चिकटपट्टी. दहा पट्ट्यांना सरस लावायचा, गठ्ठा जुळवायचा, मधल्या भागापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे आवळत जायचं. बावीस क्लॅम्प. पांढरा सरस वापरला, कारण तो हाताशी होता आणि वापरायला सोपा.

२५ फेब्रुवारी

साच्यातून काढला. वेढ्याच्या दोन टोकांमधलं अंतर साच्यापेक्षा ३ मिमी जास्त. वाकवलेलं लाकूड थोडं परत फिरतंच. पट्ट्या जितक्या पातळ आणि जास्त, तितकं कमी. ३ मिमी चालेल.

७ मार्च

चालणार नाही. आज सहज मापलं तर १४ मिमी. वेढा रोज कणाकणाने उघडतोय. कडेला नख फिरवलं की पट्ट्यांच्या पायऱ्या लागतात. एकेक पट्टी शेजारचीवरून घसरली आहे.

काकांना दाखवला. ते बराच वेळ बोटाने त्या पायऱ्या चाचपत राहिले. म्हणाले, "ताई, या सरसाने मी आयुष्यभर खुर्च्या जोडल्यात, एक सांधा सुटला नाही. पण तिथे कुसू, म्हणजे लाकडाची जीभ, खाचेत बसलेलं असतं, सरसाला फक्त धरून ठेवायचं असतं. इथे लाकूड रात्रंदिवस सरळ व्हायला बघतंय."

कारण नेमकं तेच. पांढरा सरस वाळला तरी किंचित लवचीक राहतो, आणि सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. वाकवलेल्या पट्ट्यांना कडक होणारा सरस हवा : यूरिया-फॉर्मल्डिहाइडची पूड पाण्यात कालवून, नाहीतर इपॉक्सी. दहा पट्ट्या आणि दोन आठवडे गेले. वेढा भिंतीला टांगून ठेवला आहे. मापत राहीन.

१४ मार्च

यूरियाचा सरस. कालवल्यापासून वीस मिनिटांत सगळं आवळून व्हायला हवं, म्हणून काका आणि मी आधी कोरड्या पट्ट्यांवर दोनदा रंगीत तालीम केली. मास्क, हातमोजे, दारं-खिडक्या उघडी. अठराव्या मिनिटाला शेवटचा क्लॅम्प. सगळ्या फटींतून सरसाचे सारखे थेंब बाहेर आले. असे थेंब आले की समजायचं, दाब सगळीकडे पोचला.

१६ मार्च

२ मिमी उघडला.

२८ मार्च

अजून २ मिमीच. दुसरा वेढाही झाला, त्याचंही तेवढंच. भिंतीवरचा जुना १९ वर पोचला आहे.

आज रंधा आणि कानशीने हातांना आकार दिला. पुढच्या टोकाला वरून लाकडाचा एक जादा तुकडा चिकटवून रुंदी ९ सेंमी केली आणि खालच्या बाजूला बोटं वळतील अशी खोबण काढली. ही खोबण चित्रात नव्हती. आई पट्टीवर हात ठेवून उभी राहिली, तेव्हा तिची चार बोटं आपोआप खाली वळली. मी पेन्सिलने त्यांच्या कडेने रेघ मारली आणि तेवढंच लाकूड काढलं. उजवी खोबण डावीपेक्षा जरा खोल आहे, कारण ती उजव्या गुडघ्याला वाचवताना उजव्या हातावर जास्त भार टाकते. पाहुण्याला हे दिसणार नाही.

५ एप्रिल

बैठकीची चौकट वेढ्यांना कशी धरायची, यावर चार दिवस गेले. ईम्सच्या खुर्चीत प्लायवुडच्या कवचांना आतून रबरी गोळे चिकटवलेले असतात. स्क्रू बाहेरून दिसत नाही आणि पाठ टेकली की ती किंचित दबते. मोह खूप झाला. १९४२ साली जखमी नौसैनिकांच्या पायांसाठी प्लायवुडच्या पट्ट्या करताकरता ईम्स दांपत्याला वाकवलेल्या प्लायवुडची नस सापडली, आणि पुढे त्यांच्या खुर्च्यांत ती उतरली. पण चिकटवलेलं रबर वर्षांनी कडक होऊन सुटतं. आईची पाठ त्या सांध्यावर विसंबणार. म्हणून पितळी बोल्ट, उघड दिसणारे, प्रत्येक बाजूला चार. हवे तेव्हा काढून पुन्हा आवळता येतील.

१२ एप्रिल

पाठीला वेताचं जाळं. गादीपेक्षा हवा खेळती राहते, आणि खुर्ची मागून पाहिली तरी रिकामी, हलकी दिसते. प्येर जानरेने १९५०च्या दशकात चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी खुर्च्यांत हेच जाळं आहे. कचेऱ्यांनी मोडीत काढलेल्या त्या खुर्च्या पुढे परदेशांतल्या लिलावांत पोचल्या.

वेत भिजवून ओलाच विणायचा, वाळताना तो स्वतःच ताणला जातो. आधी उभे, मग आडवे, पुन्हा उभे, मग दोन तिरके. पहिल्या तीन फेऱ्यांपर्यंत जाळं लेचंपेचं दिसतं. तिरकी फेरी पडली की एकदम ताठ होतं. चौकटीला १२ मिमीवर भोकं. विणायला सहा दिवस लागले, बोटांची सालं निघाली. सकाळी वाळलेल्या पाठीवर टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला.

२० एप्रिल

बैठक. खाली लवचीक पट्टे, शेजारी-शेजारी. वर फोम. पहिली गादी मऊ घेतली होती. हाताने दाबली तर फार छान, आई बसल्यावर साडेसहा सेंमी खाली गेली. म्हणजे ४४ ची उंची ३८ झाली, आणि आम्ही जानेवारीत परत गेलो.

फोमची घनता आणि मऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनता म्हणजे घनमीटरमागे वजन, त्यावर तो किती वर्षं टिकेल ते ठरतं. दाबल्यावर किती लागतो, ते वेगळं माप. आता खाली ४० घनतेचा घट्ट थर ७ सेंमी, वर मऊ ३ सेंमी, आणि त्यावर पॉलिएस्टरचा कापसासारखा पातळ थर. बसल्यावर ३ सेंमी दबते. चौकट तेवढी वर घेतली. हाताला ही गादी आधीच्या निम्मीही आलिशान लागत नाही. तासाभराने मात्र आईच्या बसण्याच्या हाडांना खालचे पट्टे लागत नाहीत, आणि मऊ गादीत ते लागत होते.

कापड लोकरी, राखाडी-निळं. चामडं हातात घेऊन पुन्हा ठेवलं. ते घसरतं आणि उन्हात तापतं.

२७ एप्रिल

डोक्याची उशी. पाठ बुटकी ठेवल्यामुळे ती हवीच, आणि वाचताना, पेंगताना तिची जागा बदलते. पॉल केअरहोल्मच्या १९६५च्या वेताच्या आरामखुर्चीत यावर इतका साधा उपाय आहे की मी तो तसाच घेतला. उशीला पट्टा, पट्टा पाठीवरून मागे टाकलेला, आणि त्याच्या टोकाला पोलादाचं वजन. उशी हवी तिथे ओढायची, वजन तिला तिथेच धरून ठेवतं. बकल नाही, बटण नाही. मी चामड्याच्या पिशवीत पोलादी तुकडे भरले. आठशे ग्रॅमला उशी घसरायची, बाराशेला आईला ओढायला जड जायची. हजारावर जमलं.

३ मे

कोपरा. खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवून पाहिली, फोटोत उत्तम. आई दोन मिनिटांत मागे वळून पाहायला लागली. पाठीमागे दार होतं. आता मागे भिंत, डावीकडे खिडकी, आणि खोलीत कोण येतं ते समोर दिसतं.

दिव्यासाठी पुन्हा पाइमिओकडे गेले. आल्टोचं म्हणणं असं की नेहमीची खोली उभ्या माणसासाठी आखलेली असते आणि रुग्ण तर आडवा असतो. म्हणून त्याने छताला डोळ्याला निवेल असा रंग दिला आणि दिवा रुग्णाच्या नजरेबाहेर ठेवला. हात धुवायच्या भांड्यात पाणी पडताना आवाज होऊ नये, म्हणून त्याचा कोनही ठरवला. मी आईच्या खुर्चीत रेलून वर पाहिलं तर छतावरचा उघडा दिवा थेट डोळ्यांत. उभी असताना तो मला इतक्या वर्षांत कधी खुपला नव्हता. तो काढला. खांद्यामागून पुस्तकावर पडणारा उभा दिवा आणला, त्याचं बटण हाताच्या टोकापासून वीतभर अंतरावर.

९ मे

तेलाचे तीन हात दिले. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कधी टाकायचा नाही. तेल वाळताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. एकेक चिंधी पसरून बाहेर वाळवली.

पायांच्या स्टुलाची उंची बैठकीपेक्षा ४ सेंमी कमी. स्टुलाच्या पायांखाली जाड फेल्ट, म्हणजे उठायच्या आधी आई ते पायानेच बाजूला सरकवू शकते.

१६ मे

आई दुपारी तीनला बसली. पावणेपाचला फोन वाजला. मी स्वयंपाकघरात होते, गेले नाही. टाचा मागे घेतल्याचा घासल्यासारखा आवाज आला, मग स्टूल सरकल्याचा. चौथ्या रिंगला तिने फोन उचलला.

२४ मे

आठवडाभराने बोल्ट पाव वळसा आवळले. डावा मागचा पाय जमिनीला पूर्ण टेकत नव्हता, उरलेल्या तिघांच्या तळातून दीड मिमी काढलं. आईची एकच तक्रार : डाव्या बाजूची उशी खाली घसरते. तिलाही वजनाचा पट्टा लावून पाहणार आहे. साचा काकांनी माळ्यावर ठेवला आहे. त्यांच्या घरीही अशीच एक हवी आहे, बैठक मात्र त्यांच्या मापाने ४८ खोल.